घर विचारून बांधावे

“लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून” ही म्हण आपल्या घराघरांत अजून ऐकू येते. ती ऐकली की आपल्याला पहिला आठवतो तो खर्च. पण म्हणीतला ‘पाहावे’ हा शब्द नुसत्या पैशापुरता नाही. घर बांधायला निघालेल्या माणसाला आपण कसे राहतो, कोणाबरोबर राहतो, कोठे बसून जेवतो, म्हातारपणी कोठे झोपणार आहोत, या साऱ्या गोष्टी प्रथमच डोळे उघडून पाहाव्या लागतात. ज्याने त्या पाहिल्या नाहीत त्याचे घर पुरे होते, पण त्यात संसार मात्र अडखळत होतो.

या आठवड्यात हा विषय घेण्यास कारण आहे. आपल्या बेटावरून कॅनडात जाऊन स्थायिक झालेली कुटुंबे आता थोडीथोडकी नाहीत. फ्रेंच भाषेच्या ओळखीमुळे अनेकांनी माँट्रियल जवळ केले, काही टोरांटोकडे गेले. महाराष्ट्रातून थेट गेलेल्या मराठी कुटुंबांची वस्तीही टोरांटोच्या आसपास चांगली वाढली आहे. मुलगा किंवा मुलगी तेथून कळवते की घर घेतले. येथे आपण पेढे वाटतो आणि विचारतो, “खोल्या किती? गाडी ठेवायला जागा आहे ना?” आजी गेली तर ती कोणत्या खोलीत राहील, जिना चढावा लागेल का, फोडणी दिली तर धूर कोठून बाहेर जाईल, हे सहसा कोणी विचारीत नाही. पंचवीस-तीस वर्षे फेडावयाच्या कर्जाने घेतलेली वस्तू आपण खोल्या मोजून पसंत करतो.

कॅनडाच्या अनुभवातून आम्हाला या बाबतीत एक सरळ धडा दिसतो. राहणाऱ्याला न विचारता बांधलेले घर महाग पडते, मग ते सरकारने फुकट दिलेले का असेना. आणि राहणाऱ्याला विचारून बांधलेले घर थंडीलाही पुरते, खिशालाही पुरते आणि पिढ्यांनाही पुरते. आजकाल ‘पर्यावरणपूरक घर’ आणि ‘संस्कृतीला साजेसे घर’ असे दोन निराळे विषय करून बोलण्याची पद्धत पडली आहे. आमच्या मते हे दोन विषय नाहीत, एकच आहे. तो कसा, ते पाहू.

न विचारता दिलेली घरे

कॅनडाच्या अगदी उत्तरेस इनुइट लोक राहतात. बर्फाचे घुमटाकार घर म्हणजे इग्लू, हे आपण शाळेत मुलांना चित्रात दाखवतो. पण त्यातली अक्कल आपण क्वचितच सांगतो. इग्लूचे प्रवेशद्वार खाली असते आणि झोपण्याचा ओटा वर असतो. थंड हवा जड म्हणून ती खाली राहते आणि माणसे वरच्या उबेत झोपतात. प्राण्यांच्या चरबीवर चालणारा एक दगडी दिवा उजेड देई, अन्न शिजवी आणि ऊबही देई. घर एकाच दालनाचे, सर्व माणसे एकमेकांच्या नजरेसमोर, आणि शिकार आली की ती सर्वांच्या मध्ये ठेवून कापायची व वाटायची. जे साहित्य हाताशी होते त्यातून, जसे राहत होते तसे, त्यांनी घर केले होते.

१९५० आणि १९६० च्या दशकांत कॅनडा सरकारने या लोकांना कायम वस्तीत आणले. शाळा, दवाखाना, दुकान एका ठिकाणी असावे हा हेतू. क्षयरोगाने माणसे दगावत होती, त्यामुळे चांगल्या निवाऱ्याची गरजही खरी होती. दक्षिणेकडून जहाजाने तयार भाग आणून लहान लाकडी घरे उभी केली गेली. त्यांतल्या एका खोलीच्या घरांना ‘माचिसची डबी’ असे नाव पडले. पुढे अधिक खोल्यांची घरे आली, पण त्यांचा नकाशा दक्षिणेतील शहरी कुटुंबाचा होता: आईबाप, दोन मुले, बंद स्वयंपाकघर, छोटी बैठक आणि अरुंद बोळ. सील किंवा कॅरिबू कापायला जागा नाही, म्हणून बायका स्वयंपाकघरात जमिनीवर पुठ्ठे अंथरून ते काम करू लागल्या. थंडीचे ओले कपडे व शिकारीचे सामान ठेवायला जागा नाही. पाहुणे आणि नातलग सगळे एकत्र बसतील असे दालन नाही.

परिणाम काय झाला? घरे थोडी आणि माणसे फार. घर बंदिस्त, श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ आत कोंडलेली, बाहेर उणे तीस अंश. थंड भिंतीवर ती वाफ पाणी होऊन बसते आणि पाण्यावर बुरशी येते. २०२१ च्या जनगणनेतही इनुइट प्रदेशात राहणाऱ्या इनुइट लोकांपैकी अर्ध्याहून अधिक लोक दाटीच्या घरांत राहत असल्याचे आढळले. आणि ज्या क्षयरोगासाठी घरे हवी होती, तो त्या प्रदेशातून अजून गेलेला नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने २०३० पर्यंत तो तेथून नाहीसा करण्याचे वचन दिले, यावरूनच काय ते समजावे.

येथे कोणाच्या हेतूवर बोट ठेवावयाचे नाही. पैसा खर्च झाला, लाकूड आले, सुतार आले. फक्त एक गोष्ट झाली नाही. ज्या बाईला त्या घरात चूल सांभाळायची होती, तिला कोणी विचारले नाही.

विचारून वसवलेले गाव

आता दुसरे उदाहरण. उत्तर क्वेबेकमध्ये शिबुगमू या खाणीच्या नगराजवळ क्री जमातीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या शिकार व मासेमारी करून राहत. १९२० च्या दशकापासून तेथे तांबे आणि सोने शोधणारे आले. खाण सापडली की वस्ती उठवा, असे सुमारे पन्नास वर्षांत सात वेळा झाले. १९७० साली डोरे सरोवराकाठची त्यांची शेवटची वस्तीही मोडली गेली. त्यानंतर ही कुटुंबे पांगली. कोणी शेजारच्या क्री गावांत गेले, तर कोणी जंगलातील रस्त्यांच्या कडेला लाकडी झोपड्या करून राहिले. १९७५ मध्ये जेम्स उपसागर प्रदेशातील क्री व इनुइट लोकांशी क्वेबेकचा मोठा करार झाला, त्यातही यांची निराळे गाव म्हणून गणना झाली नाही. सरकारी कागदावर हे लोक जवळजवळ नव्हतेच.

पण त्यांनी हार मानली नाही. एबेल बोसुम या त्यांच्या तरुण प्रमुखाच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे वाटाघाटी झाल्या. १९८९ साली क्वेबेक सरकारशी आणि १९९२ साली केंद्र सरकारशी करार होऊन ओपेमिस्का सरोवराकाठी नवे गाव बांधण्याचे ठरले. त्याचे नाव उजे-बुगुमू. गावाच्या रचनेसाठी त्यांनी डग्लस कार्डिनल यांना बोलावले. हे मूळनिवासी वंशाचे वास्तुशिल्पी. ओटावाच्या नदीपलीकडे गॅटिनो येथे १९८९ मध्ये उघडलेले राष्ट्रीय इतिहास संग्रहालय, ज्याच्या वळणदार भिंती पाहायला जगभरचे लोक येतात, ते त्यांचेच काम.

कार्डिनल यांनी नकाशा आधी काढला नाही. आधी गावातल्या लोकांशी बसून बोलणे झाले. वडीलधाऱ्यांना काय आठवते, बायकांना घरात काय हवे, शिकारीवरून आलेला माणूस प्रथम कोठे थांबतो, मुले कोठे खेळतात, हे ऐकून मग गाव आखले. सर्वांच्या उपयोगाच्या इमारती मध्यभागी आणि घरे त्यांच्या भोवती वळणावळणाने पसरलेली, अशी रचना झाली. घरांची उतरती छपरे क्री लोकांच्या जुन्या निवाऱ्याची आठवण करून देतात. मात्र आत आधुनिक सोयी आहेत आणि भिंतींत थंडी अडविणारे जाड थर आहेत. जुने जसेच्या तसे उचलले नाही आणि नवे आंधळेपणाने घेतले नाही.

या गावाची खरी हुशारी जमिनीखाली आहे. त्या प्रदेशात लाकूड कापण्याच्या गिरण्या आहेत आणि त्यांच्याजवळ भुशाचे डोंगर पडून असत. गावकऱ्यांनी तो भुसा आणून एका मध्यवर्ती भट्टीत जाळण्याची योजना केली. भट्टीत पाणी तापते, ते जमिनीखालच्या नळांतून घरोघरी फिरते, घर गरम करते आणि थंड होऊन पुन्हा भट्टीकडे येते. प्रत्येक घरात निराळी तेलाची शेगडी नको, दूरवरून तेल आणणे नको, आणि तेलासाठी गावाबाहेर जाणारा पैसा गावातच राहतो. घराचा हप्ताही कुटुंबाच्या कमाईकडे पाहून ठरविण्याची व्यवस्था केली. १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त जगातील पन्नास आदर्श वस्त्यांचा गौरव झाला, त्यांत उजे-बुगुमूचे नाव होते. हजाराहून कमी वस्तीचे गाव, आणि ज्यांना कालपर्यंत कोणी गावही म्हणत नव्हते ते लोक!

सुज्ञ वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भुशाची भट्टी ही ‘पर्यावरण’ आणि गावाची गोल रचना ही ‘संस्कृती’, अशी येथे वाटणी करता येत नाही. घरे एकमेकांजवळ राहावीत ही लोकांची इच्छा होती, म्हणून नळ लांबवावे लागले नाहीत आणि एक भट्टी सर्वांना पुरली. जे आपले आहे ते टाकून देऊ नये हा जुना शिकाऱ्याचा नियम. तो नियम पाळणाऱ्यांना भुसा हा कचरा वाटला नाही, यात नवल ते काय?

थंडीचे शास्त्र आणि आपली चूल

आता आपल्या माणसांकडे वळू. कॅनडात घरगुती वापराच्या एकूण ऊर्जेपैकी निम्म्याहून अधिक ऊर्जा केवळ घर गरम ठेवण्यावर खर्च होते. म्हणून तेथे चांगले घर म्हणजे ऊब बाहेर न सोडणारे घर. या शास्त्रात कॅनडाने जगाला वाट दाखवली आहे. १९७७ मध्ये सॅस्कॅचेवान प्रांतातील रेजायना शहरात संशोधकांनी एक प्रायोगिक घर बांधले. त्याच्या भिंती व छत यांत त्या काळच्या घरांच्या मानाने कितीतरी जाड उष्णतारोधक थर भरले आणि फटी इतक्या कसून बंद केल्या की वारा शिरेना. मग शुद्ध हवेसाठी एक यंत्र बसविले. बाहेर जाणारी उबदार शिळी हवा आणि आत येणारी थंड ताजी हवा यांचे मार्ग शेजारून जातात. जाणारी हवा आपली ऊब येणारीला देऊन जाते. पुढे १९९१ मध्ये जर्मनीत जी अल्प ऊर्जेची घरे बांधण्याची पद्धत सुरू झाली, तिच्या मागे रेजायनाच्या या घराचाही धडा होता.

असे घर उत्तमच. पण त्यात कोण राहणार, हे विचारल्यावाचून ते पुरे होत नाही. जो माणूस सकाळी गार दूध आणि दुपारी पावाचा तुकडा खातो त्याच्या घरातील हवा वेगळी. आपल्या घरी भात उकळतो, डाळीच्या कुकरच्या शिट्ट्या होतात, मिरची-मोहरीची फोडणी पडते, सणाला कढईभर तेल दोन तास तापते. सहा माणसे अंघोळ करतात आणि धुतलेले कपडे हिवाळ्यात आतच वाळतात. बंदिस्त घरात ही वाफ आणि हा धूर जाणार कोठे? खिडकीच्या काचेवर पाणी ओघळू लागले की ती पहिली सूचना समजावी. कोपऱ्यात काळे ठिपके दिसले की ती दुसरी. मूल रात्री खोकू लागले की मग सूचनेची वेळ गेलेली असते.

यावर उपाय अवघड नाहीत, फक्त ते घर घेण्यापूर्वी पाहावयाचे असतात. शेगडीवरचा पंखा धूर खरोखर भिंतीबाहेर टाकतो की जाळीतून गाळून परत खोलीतच सोडतो, हे हात लावून पाहावे. पुष्कळ घरांत तो परत खोलीतच सोडतो. मोठा पंखा लावला तर बाहेर गेलेल्या हवेच्या जागी हवा येणार कोठून, हे बांधणाऱ्याला विचारावे, नाहीतर पंखा भट्टीचा धूरही उलटा घरात ओढू शकतो. हवा बदलणारे यंत्र असेल तर ते वीज वाचविण्यासाठी बंद ठेवू नये आणि त्याची जाळी वेळोवेळी धुवावी. ब्रॅम्प्टन आणि सरे यांसारख्या भारतीय वस्तीच्या नगरांत आता बांधकाम व्यावसायिक मोठ्या स्वयंपाकघरामागे मसाल्याच्या स्वयंपाकासाठी दार लावता येणारी लहान खोली देऊ लागले आहेत. आपल्या कोकणातल्या घरांत स्वयंपाकघर मागीलदारी का असे, याचे उत्तर त्या खोलीत आहे. जे आपल्या आज्यांना ठाऊक होते, तेच आता जादा पैसे मोजून मिळते.

आजीची खोली

कुटुंबाच्या रचनेचा प्रश्न याहून मोठा आहे. कॅनडात घर पुरेसे आहे की नाही हे मोजण्यासाठी १९८० च्या दशकात एक राष्ट्रीय माप ठरविले गेले. त्यानुसार नवराबायकोला एक खोली, एकट्या प्रत्येक प्रौढाला स्वतंत्र खोली, आणि पाच वर्षांवरील भाऊ-बहिणीला निराळ्या खोल्या लागतात. दाटी मोजण्यास काही माप हवेच, याबद्दल वाद नाही. पण या मापाने पाहिले तर नातवाला कुशीत घेऊन गोष्ट सांगत झोपणारी आजी म्हणजे घरातली उणीव ठरते! आपल्याकडे ती घरातली श्रीमंती समजली जाते. माप खोटे नाही, परंतु ते एका प्रकारच्या कुटुंबाकडे पाहून बनविलेले आहे.

आणि कुटुंबे तर बदलत आहेत. कॅनडाच्या जनगणनेप्रमाणे २००१ ते २०१६ या काळात तीन पिढ्या एकत्र राहणाऱ्या घरांची संख्या ३७.५ टक्क्यांनी वाढली. इतर कोणत्याही प्रकारच्या घरांपेक्षा ही वाढ वेगवान होती. २०१६ मध्ये अशी चार लाखांहून अधिक घरे होती. त्यांचे प्रमाण सर्वांत जास्त कोठे आढळले? इनुइट लोकांच्या नुनावुट प्रदेशात. दूर उत्तरेतील इनुइट आजी आणि ब्रॅम्प्टनमधली मराठी आजी, दोघींची गरज एकच निघाली.

काही वाचक म्हणतील, परक्या देशात गेल्यावर त्या देशाच्या घरात राहायला शिकावे, आपल्या सवयींचा आग्रह का धरावा? या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. बर्फाच्या देशात अंगणातली तुळस बारा महिने बाहेर राहणार नाही आणि पडवीत खाट टाकून जानेवारीत झोपता येणार नाही. हवामानापुढे हट्ट चालत नाही. पण कॅनडाचे घर म्हणून कोणते एक घर ठरलेले नाही. व्हँकूव्हरमध्ये १९६५ ते १९८५ च्या दरम्यान एका साध्या, चौकोनी, दुमजली घराची हजारोंनी बांधणी झाली. दिसायला ओबडधोबड म्हणून त्याची थट्टाही पुष्कळ झाली. पण त्याचा खालचा मजला जमिनीच्या पातळीवर असल्याने इटालियन, चिनी आणि पंजाबी कुटुंबांनी तेथे आईवडिलांना ठेवले किंवा भाडेकरू ठेवून कर्ज फेडले. ज्याची थट्टा झाली त्याच घराने कितीतरी कुटुंबे उभी केली.

कायदाही आता या दिशेने वळला आहे. व्हँकूव्हरने २००९ पासून मागल्या गल्लीच्या बाजूस दुसरे लहान घर बांधू दिले. टोरांटोने २०१८ मध्ये गल्लीकडील आणि २०२२ मध्ये परसातील लहान घरांना वाट मोकळी केली. २०२२ मध्येच ऑन्टॅरिओ प्रांताने शहरी सोयी असलेल्या बहुतेक निवासी भूखंडांवर तीन बिऱ्हाडांपर्यंत परवानगी दिली. वृद्ध किंवा अपंग नातलगासाठी घरात स्वतंत्र बिऱ्हाड तयार केल्यास ५० हजार डॉलरपर्यंतच्या खर्चावर करात सवलत देण्याची केंद्र सरकारची योजना २०२३ पासून सुरू झाली. दार उघडले आहे, त्यातून जावयाचे कसे हे आपण शिकले पाहिजे.

कारण चुकीच्या वाटाही आहेत. परवान्याशिवाय तळघरात बिऱ्हाड थाटणे ही त्यांतली सर्वांत वाईट. तेथे उजेड नाही, ओल आहे, आणि आग लागली तर बाहेर पडायला एकच जिना. आईवडिलांना सन्मानाने बोलावून अशा जागी ठेवणे हा त्यांचा मान नव्हे. बिऱ्हाडाची नोंद करावी, माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकी किंवा निराळे दार असावे, धुराची सूचना देणारी घंटा प्रत्येक मजल्यावर असावी. दुसरी चुकीची वाट मोठेपणाची. दोघांच्या संसाराला सहा खोल्या, उंच दिवाणखाना, आणि सारे घर रात्रंदिवस तापवायचे. कमानी आणि नक्षीदार खांब लावल्याने ते घर ‘आपले’ होत नाही. संस्कृती खांबात नसते, राहण्यात असते. तीन पिढ्या जेव्हा एका छपराखाली राहतात तेव्हा दोन घरांऐवजी एकच घर तापवावे लागते. पृथ्वीवरचा भार हलका करण्याचा हा उपाय आपल्या एकत्र कुटुंबाला कोणत्याही शास्त्राआधी ठाऊक होता.

बेटावरचा धडा

हे सर्व वाचून आपण म्हणू नये की ही कॅनडातल्यांची गोष्ट, आम्हाला काय त्याचे. १९६० च्या कॅरोल वादळाने आपली गवताची आणि पत्र्याची हजारो घरे जमीनदोस्त केली, तेव्हा सिमेंटची घरे बांधणे शहाणपणाचे होते आणि आजही आहे. परंतु सिमेंट घेता घेता आपण पडवी बुजवली, अंगणात फरशी घातली, आंब्याचे झाड तोडले, आणि तापलेल्या छपराखाली आता थंड हवेचे यंत्र लावून बसलो आहोत. कॅनडात ऊब विकत घ्यावी लागते, येथे आपण सावली विकत घेऊ लागलो. रत्नागिरी आणि सातारा भागातून आलेल्या आपल्या पूर्वजांना ऊन, पाऊस आणि वारा यांच्याशी कसे जमवून घ्यावे हे ठाऊक होते. भक्कम भिंती आणि खोल पडवी यांचे काही वैर नाही.

शिक्षकाला प्रशिक्षणात पहिली गोष्ट शिकवितात ती ही, की पाठाची तयारी करण्याआधी मुलाला ओळखा. जो मूल न ओळखता पाठ घेतो त्याचा पाठ फळ्यावर राहतो, मुलापर्यंत जात नाही. घराचेही तसेच आहे. म्हणून आमची काही विनंती आहे. जी कुटुंबे कॅनडात घर घेणार आहेत त्यांनी नकाशा पाहण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला, आजीला आणि सात वर्षांच्या मुलालाही, एका कागदावर आपला दिवस लिहायला किंवा काढायला सांगावे: कोठे उठतो, कोठे जेवतो, कोठे अभ्यास करतो, कोठे देवाला नमस्कार करतो. मग तो कागद घेऊन घर पाहायला जावे. तळमजल्यावर एक झोपण्याची खोली आणि एक न्हाणीघर आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. ते आज आजीला उपयोगी, उद्या पाय मोडलेल्या मुलाला आणि परवा आपल्याला.

तेथील मराठी मंडळांनी गणेशोत्सव आणि दिवाळी करावीच. त्याबरोबर ज्यांनी दहा-वीस वर्षे तेथल्या घरांत काढली त्यांचे अनुभव गोळा करून एक लहानशी पुस्तिका छापावी. कोणत्या चुका महाग पडल्या, कोणता पंखा चांगला निघाला, परवाना कसा काढला, हे नवीन येणाऱ्याला अशा पुस्तिकेतून एका संध्याकाळी कळेल. आणि येथे बेटावर ज्या सरकारी वसाहती बांधल्या जातात, त्यांच्या आखणीत तेथे राहणार असलेल्या बायकांना नकाशा पक्का होण्याआधी बोलवावे, अशी मागणी आपल्या संस्थांनी एकमुखाने करावी.

उजे-बुगुमूच्या लोकांना सात वेळा उठविले गेले. आठव्या वेळी त्यांना विचारले गेले, आणि त्यांनी जगाला दाखविण्यासारखे गाव उभे केले. आपल्याला कोणी उठवीत नाही. आपण स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या पसंतीने घर घेतो. मग निदान आपल्याच माणसांना विचारायला काय हरकत आहे?